पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलताना दाब कुठून द्यायचा

पुढून घूं-घूं असा आवाज येतोय, वेगाबरोबर वाढतोय आणि गिअर न्यूट्रलला टाकून गाडी नुसती पळू दिली तरी तसाच राहतोय, तर इंजिन-गिअरबॉक्स बाजूला ठेवून चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पण बेअरिंग मागवण्याआधी टायर बघा. टायरवर हात फिरवताना एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागत असेल, तर तोही हुबेहूब असाच गुणगुणतो. फरक एवढाच, की टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी जागेवरून पुढे काढताना कट-कट होत असेल, तर तो ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट; बेअरिंगचा त्यात संबंध नाही.

कोणत्या बाजूचं गेलंय हे ओळखायला मोकळ्या रस्त्यावर हलकंसं डावी-उजवीकडे वळवून बघतात. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं, म्हणून त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग खराब. बहुधा म्हणायचं कारण, या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि कोणती ओळ खराब झाली आहे त्यावर हा अंदाज कधीकधी उलटतो. म्हणून दुसरी खात्री करा. गाडी जॅकवर उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. एक हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर वाळूवरून काहीतरी घरंगळतंय अशी थरथर स्प्रिंगमध्ये जाणवते. ब्रेक पॅड घासण्याचा आवाज कानाला फसवतो, स्प्रिंगवरच्या हाताला फसवत नाही.

मग चाक वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलेपणा बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर खालच्या बॉल जॉइंटकडे (सस्पेन्शनच्या गोळीच्या सांध्याकडे) वळा. फक्त डावी-उजवीकडे हलवतानाच खटखट लागली, तर आधी टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक बघा. आवाज भरपूर आणि ढिलेपणा शून्य, असंही सर्रास असतं. त्यामुळे चाक हलत नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं समजू नका.

आता गाडीत बेअरिंग कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. तीन-चार बोल्टांनी नकलला (चाकामागच्या, बेअरिंग धरणाऱ्या जाड भागाला) बसणारा अख्खा हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) असेल तर काम सोपं: बोल्ट काढा, हब बदला. इंजिनचा जोर मागच्या चाकांना जातो अशा जुन्या गाड्यांत पुढे टेपर रोलर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगची जोडी असते. तिला ग्रीस भरून नटानं ढिलेपणा बसवावा लागतो, ते तंत्रच वेगळं. जोर पुढच्या चाकांना जातो अशा जुन्या छोट्या गाड्यांत मात्र बहुतेक वेळा दुहेरी ओळीचं सीलबंद बेअरिंग नकलच्या भोकात दाबून बसवलेलं असतं, सर्क्लिपनं (खोबणीत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीनं) अडवलेलं असतं, आणि हब त्याच्या आतल्या रेसमध्ये दाबलेला असतो. रेस म्हणजे गोळ्या ज्यांच्यामध्ये फिरतात त्या आतल्या आणि बाहेरच्या कड्या. पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे. यातले नट-बोल्ट कोणालाही उघडता येतात. नवं बेअरिंग वर्षानुवर्षं चालणार की महिनाभरात पुन्हा घूं-घूं करणार, हे मात्र दाब देताना तो कोणत्या रेसमधून गेला यावर ठरतं.

सामान

बेअरिंग किटमध्ये बेअरिंग, सर्क्लिप आणि ड्राइव्ह शाफ्टचं नवं नट असायला हवं. नसेल तर नट आणि सर्क्लिप वेगळे घ्या, जुने परत लावू नका. टाय रॉडची स्प्लिट पिन आणि बॉल जॉइंटचं नटही नवं ठेवा. मापं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी अशा क्रमानं लिहिलेली असतात, उदाहरणार्थ ३४×६४×३७ मिमी. एकाच मॉडेलमध्ये एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या आणि नसलेल्या गाडीचं माप तेच असून बेअरिंग वेगळं असू शकतं, हे मागवतानाच बघा.

हत्यारांत शाफ्टच्या नटाचा सॉकेट (बहुधा ३०, ३२ किंवा ३६ मिमी), लांब दांडा, ३०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच, मजबूत सर्क्लिप प्लायर, बॉल जॉइंटचा पुलर, जॅक आणि घोड्या, तारेचे तुकडे, पोलादी ब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि डोळ्यांना चष्मा. दाबायला हायड्रॉलिक प्रेस. नवं बेअरिंग बसवायला १० टनी प्रेस पुरते. गंजून चिकटलेलं जुनं काढताना २० टनी असलेली बरी. प्रेस नसेल तर नकल गाडीवरून उतरवून लेथवाल्याकडे नेणं हा अगदी शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त पुढे दिलेल्या गोष्टी त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या. जाड स्क्रू आणि वाट्यांचा ओढणारा सेट वापरून नकल गाडीवरच ठेवूनही बेअरिंग बदलता येतं, पण गंजलेल्या गाडीत स्क्रूचे आटे आधी जातात. हातोडीनं ठोकून बसवणं हा पर्याय धरूच नका.

उघडणं

चाक जमिनीवर असतानाच शाफ्टचं नट सैल करा: हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना अडण्या लावा आणि एकाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल तर ती आधी बारीक छिन्नीनं उचला, नाहीतर नट फिरताना शाफ्टचे आटे ओरबाडत येईल. नट पाव फेराच सैल करायचं, त्याहून जास्त नाही. हे नटच आतल्या रेसचे दोन भाग एकत्र आवळून धरतं. ते मोकळं करून गाडीचं वजन चाकावर टाकलं की गोळ्यांचे ओरखडे रेसवर उमटतात. जुनं बेअरिंग तर फेकायचंच आहे, पण नवं बसवल्यावर हीच चूक झाली तर सगळे कष्ट वाया. नट सैल ठेवून गाडी नुसती ढकलत बाजूला घेणं, हेही त्यातच आलं.

चाकाच्या मधल्या भोकातून सॉकेट जात नसेल तर चाक काढून घ्या, डिस्कच्या कडेच्या हवेच्या खाचेत जाड पेचकस घालून तो कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटला टेकू द्या आणि मग नट फोडा.

गाडी घोडीवर, चाक बाहेर. कॅलिपर ब्रॅकेटसकट काढा आणि तारेनं स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकू देऊ नका. इथून पुढे कोणीही ब्रेकचा पेडल दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येईल. डिस्कचा लहान स्क्रू हमखास अडतो. त्यावर हातोडीचा ठोका बसणारा इम्पॅक्ट पेचकस वापरा, नुसत्या पेचकसानं डोकं घासून ठेवाल. एबीएस असेल तर सेन्सर जोरानं ओढू नका, तो नकलमध्ये गंजून धरलेला असतो आणि तुटतो. वायरचा प्लग सोडवून सेन्सर नकलबरोबरच बाहेर काढा आणि प्रेसला लावण्याआधी गंज सोडवणारा स्प्रे मारून सावकाश फिरवत वेगळा करा.

टाय रॉडचं टोक सोडवायला नट टोकापर्यंत सैल करा आणि नकलच्या कानाला, म्हणजे ज्या भोकात टेपर (टोकाचा निमुळता भाग) बसलाय त्याच्या बाजूला, हातोडीचा नेमका एक-दोन ठोका द्या. टेपर सुटतो. आट्यांवर मारलं तर आटे जातात, टेपर मात्र जागचा हलत नाही. दोन दातांचा फाटा वापरला तर रबरी बूट बहुतेक फाटतोच; बॉल जॉइंट बदलायचा नसेल तर पुलर वापरा.

शॉकअप नकलला दोन बोल्टांनी जोडलेला असेल, तर काढण्याआधी जोडाची जागा खुणेच्या खिळ्यानं किंवा पांढऱ्या पेनानं नीट आखून ठेवा. भोकात थोडी मोकळीक असते आणि कॅम्बर (उभ्या चाकाचा कल) तिथूनच हलतो. बोल्ट ठोकताना नट टोकाला लावून ठेवा, आटे वाचतात.

शाफ्ट हबमधून निघत नसेल तर आटे वाचवण्यासाठी जुनं नट टोकाशी समतल बसवून त्यावर तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोडीनं ठोका. तरीही न हलल्यास पुलरनं ढकला. शाफ्ट सुटला की तो तारेनं बांधून आडवा टांगा. नकल बाहेर ओढण्याच्या नादात शाफ्टही ओढला गेला तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट निसटतो, आणि मग वेगळंच काम वाढतं.

जुनं बेअरिंग काढणं

आधी हब बाहेर. नकल प्रेसच्या पट्ट्यांवर हबची फ्लँज (चाक टेकतं ती चकती) खाली ठेवून बसवा आणि मधोमध हबपेक्षा लहान व्यासाच्या गोल लोखंडानं दाबा. हब सुटतो, पण जवळजवळ नेहमीच आतल्या रेसचा चाकाकडचा भाग त्याला चिकटून येतो. त्यावर घाबरण्यासारखं काही नाही.

ती रेस काढायचा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. रेस आणि फ्लँज यांच्यात पुलरची पाती शिरत असतील तर पुलर लावा. शिरत नसतील तर ग्राइंडरच्या पातळ चाकानं रेसच्या एकाच जागी रुंदीभर आडवी खाच घ्या, रेसच्या जाडीच्या साधारण तीन चतुर्थांश खोल, तिथे थांबा. आरपार गेलात तर हबच्या गुळगुळीत जागेवर ओरखडा पडेल. मग खाचेत छिन्नी धरून एकच खणखणीत ठोका. बेअरिंगचं पोलाद खूप कडक आणि ठिसूळ असतं, त्यामुळे रेस टप्प आवाज करून तडकते आणि हातानं सरकते. यात बारीक तुकडे उडतात, म्हणून चष्मा लागतो.

हबची ती जागा आता नीट पुसून बघा. निळसर झाली असेल किंवा रेस तिच्यावर फिरल्याच्या चमकदार पट्ट्या दिसत असतील, तर हबही बदला. नवं बेअरिंग हबवर हातानं सरकत बसत असेल तर हब गेलाच म्हणून समजा. ते नुसतं आत सरकता कामा नये.

सर्क्लिप काढायची पाळी आता आली. गंज असेल तर तासभर आधी स्प्रे मारून ठेवा आणि खोबणीभोवतीचा गंज टोकदार हत्यारानं कोरून काढा. बहुतेक गाड्यांत सर्क्लिप एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला नकलची कडा असते. काहींत दोन सर्क्लिपा असतात. ज्या बाजूला सर्क्लिप, त्याच बाजूनं बेअरिंग बाहेर पडणार. न बघता उलट्या बाजूनं दाबत राहिलात तर प्रेसची टनं वाढत जातील आणि नकल फुटेल. बाहेरच्या रेसवर बसेल आणि भोकातून मोकळं जाईल अशा वाटीनं दाबा. जुनं काढताना आतल्या रेसवर दाबलं तरी चालतं, पण रेस फुटून बाहेरचा भाग भोकातच अडकण्याचा धोका असतो.

नवं बसवणं

भोक पोलादी ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, पण धातू घासून व्यास वाढवू नका. बेअरिंग आणि भोक यांच्या व्यासातला फरक मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच असतो आणि त्या चिमटीवरच बेअरिंग टिकून असतं. खोबणीतला गंज मात्र शेवटच्या कणापर्यंत काढा. सर्क्लिप अर्धवट बसते ती याच गंजामुळे.

बेअरिंग पेटीतून दाबायच्या वेळीच काढा. ते ग्रीस भरून सीलबंद येतं. पेट्रोल-रॉकेलनं धुऊ नका, वरून ग्रीस भरायचा प्रयत्न करू नका आणि आतल्या दोन रेस ओढून बघू नका. सुटल्या तर गोळ्या आणि सीलची जागा बिघडते.

एबीएसचं बेअरिंग असेल तर त्याच्या एका बाजूच्या सीलवर चुंबकी पट्टी असते. ती सेन्सरच्या बाजूला, बहुधा आतल्या बाजूला, यायला हवी. कोणती बाजू ती, हे हलक्या स्टीलच्या टाचणीनं कळतं: टाचणी चिकटेल ती चुंबकी बाजू. चुंबकाचा तुकडा तिच्याजवळ मुळीच नेऊ नका. बेअरिंग उलटं बसलं तर चाक छान फिरेल, पण एबीएसचा दिवा विझणार नाही आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल. त्यातही बसवलेलं बेअरिंग काढलं की ते परत वापरता येत नाही.

भोकात तेलाचा पातळ हात फिरवा. अडचण वाटली तर नकल थोडं तापवता येतं. ७० मिमीचं भोक ८० अंशांनी तापवलं की साधारण ०.०६ मिमी फुगतं, म्हणजे दाब बराच कमी लागतो. हे बेअरिंग बाहेर असतानाच, ओव्हनमध्ये किंवा गरम हवेनं. ज्योतीनं एकाच जागी नाही.

आता मुद्दा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर. आतल्या रेसवर दाबलं की तो सगळा जोर गोळ्यांमधून बाहेरच्या रेसला जातो. रेसवर गोळ्यांच्या आकाराचे सूक्ष्म खड्डे पडतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. योग्य मापाची वाटी नसेल तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस ग्राइंडरवर बाहेरून अर्धा मिलिमीटर घासून बारीक करा आणि तिच्यातूनच दाबा. न घासता वापरली तर तीही नव्या बेअरिंगबरोबर भोकात जाऊन बसेल आणि मग काढायला दुसरी युक्ती शोधावी लागेल. पहिले दोन-तीन मिलिमीटर अगदी सावकाश, चारी बाजूंनी बघत. तिरकं गेल्याची जरा शंका आली तरी तिथेच थांबून बाहेर काढा. तिरकं जाणारं बेअरिंग जोर लावल्यानं सरळ होत नाही, ते भोक ओरबाडतं. तळाशी टेकलं की प्रेसचा दाब एकदम वर उडी मारतो. तिथे थांबायचं. मग नवी सर्क्लिप बसवा आणि पेचकसाच्या टोकानं ती खोबणीत सगळीकडे बसली की नाही हे ढकलून तपासा.

पुढे जाण्याआधी डिस्कमागचा पत्रा नकलवर बसवला का ते बघा. हब दाबल्यावर तो घालता येत नाही, आणि हे विसरून सगळं पुन्हा उघडायची वेळ बऱ्याच जणांवर येते.

हब दाबताना नियम उलटा होतो. आता आधार आतल्या रेसला द्यायचा. नकल खाली अशा नळीवर ठेवा जी फक्त आतल्या रेसला टेकेल, आणि वरून हब दाबा. नळी नकलला टेकली तर दाब गोळ्यांतून जातो, शिवाय आतल्या रेसचा खालचा भाग खाली घसरून बेअरिंग उघडतं. हे नीट जमलं की हब हातानं फिरवा: किंचित जड पण एकसारखा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. ते गाडीवर चढवून बघण्यात अर्थ नाही. थोडा ढिलेपणा मात्र या टप्प्यावर चालतो, कारण खरा आवळ शाफ्टच्या नटानंच येतो.

जोडणं

उलट क्रमानं जोडा. शाफ्टच्या स्प्लाइन (लांबीतल्या खाचा) साफ करा, हब सावकाश सरकवा. टाय रॉडचं नट आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच फिरवायचं, मागे नाही. शॉकअपचे बोल्ट खुणेवर आणून आवळा. कॅलिपर चढवल्यावर पेडल हळूहळू कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे सरकलेला असतो.

शाफ्टचं नट चाक हवेत असताना, कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर, टॉर्क रेंचनं आवळा. छोट्या गाड्यांत आकडा बहुधा १८० ते ३०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तकातलाच घ्या, काही गाड्यांत टॉर्कनंतर ठरावीक अंशही फिरवायचे असतात. कमी आवळलं तर आतल्या रेसचे भाग एकमेकांपासून हलतात आणि बेअरिंग कुरकुरत मरतं. हवेच्या किंवा बॅटरीच्या गननं किती आवळलं ते कळत नाही, म्हणून शेवटचं आवळणं हातानंच. मग नटाची कड शाफ्टच्या खाचेत बोथट पंचनं बसवा आणि त्यानंतरच चाक लावून गाडी जमिनीवर उतरवा. चाकाचे नट पुस्तकातल्या टॉर्कनं, आडव्या-तिडव्या क्रमानं.

दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात नेऊन बघा. नवा हब दुसऱ्यापेक्षा खूपच तापला असेल तर ब्रेक अडकलाय की बेअरिंग आवळून बसलंय ते पाहा. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा. शॉकअपचे बोल्ट उघडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. एका बाजूचं बेअरिंग गेलं म्हणून दुसरं बदलायलाच हवं असं नाही. ते आधी तपासा.

नवा आवाज महिन्याभरात परत आला तर जवळजवळ नेहमी कारण तीनांपैकी एक: चुकीच्या रेसमधून दाबलं, नट कमी आवळलं, किंवा बिघडलेला हब परत वापरला. एबीएसचा दिवा लागला तर उलटं बेअरिंग, किंवा काढताना दुखावलेला सेन्सर.

जुनं बेअरिंग फेकण्याआधी उघडून बघा. ग्रीस चहाच्या रंगाचं आणि पातळ झालेलं असेल तर सीलमधून पाणी गेलंय. रेसवर गोळ्यांच्या अंतरानं खड्डे असतील तर चाक जोरात खड्ड्यावर किंवा कठड्यावर आपटलंय, किंवा मागच्या वेळी बसवणाऱ्यानं आतल्या रेसवर दाबलं होतं. रेस निळी पडली असेल तर बेअरिंग खूप तापलंय. मग नुसतं नवं बेअरिंग घालून भागणार नाही, त्या चाकाचा कॅलिपर सुटा फिरतोय का तेही गाडी घोडीवर असतानाच बघा.